दादा थांब म्हणाला

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
३० जुलै २००६

आदरणीय धम्मदीपदादा यांस,
सप्रेम जयभीम.

बुधवारी भावनाच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आणि मीनलवहिनी औरंगाबादहून आलात, बरं वाटलं. जेवणं उरकल्यावर तुम्ही लगेच निघालात. मला एक विचारायचं होतं, पण चार माणसांत विचारता आलं नाही. फोन मी काढून टाकला आहे. तसंही मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी २६ जुलैला दुपारी भावनाने तुम्हाला फोन केला होता का? मी तेव्हा कारखान्यात होतो. बदलापूरच्या आमच्या शेजारीण काशीताई म्हणतात की केला होता. पाणी वाढतंय, घरात थांबू की जाऊ, हे तिने भावाला विचारलं असणार. तुम्ही भूगोलाचे प्राध्यापक, वर्तमानपत्रात पावसावर लिहिता. तिला तुमचा मोठा आधार वाटायचा.

माझी काही तक्रार नाही. तुम्ही तिला काय सांगितलंत तेवढं कळवा. मला दुसरं काही नको.

मैत्रेयीला आशीर्वाद.

आपला,
नरेंद्र


औरंगाबाद
१४ ऑगस्ट २००६

प्रिय नरेंद्रराव,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. भावनाचा फोन मला आला नाही. त्या दिवशी दुपारनंतर तुमच्याकडच्या लाइनी बंद होत्या, हे तुम्हालाही ठाऊक आहे. काशीताईंचं वय झालं आहे. माणूस वर्षभराने जे सांगतो त्यात त्याने पाहिलेलं किती आणि नंतर ऐकलेलं किती, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

दुःखात माणसाला कारण हवं असतं. हल्ली सगळ्यांना एकच कारण मिळालं आहे: पृथ्वी तापते आहे. माझा लेख सोबत पाठवतो, निवांत वाचा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे प्रत्येक जण सांगतो. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ पडला, हे कुणी सांगत नाही. पृथ्वी काय सांताक्रूझपुरती तापली होती? एका दिवसाच्या पावसावरून हवामानाबद्दल काही सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या, नदीच्या त्याहून कमी. आपल्याला काय माहीत नाही हे कबूल करणं, हेही विज्ञानच आहे.

तुमचं वय काही फार नाही. कुठे जात-येत चला. रविवारी शिवमंदिराकडे फिरायला गेलात तरी चार माणसं भेटतील.

आपला,
धम्मदीप


पालेगाव
११ सप्टेंबर २००६

आदरणीय धम्मदीपदादा यांस,
सप्रेम जयभीम.

लेख वाचला. कुलाब्याचं मला माहीत नव्हतं.

मी रविवारी शिवमंदिराकडे जात नाही, बदलापूरला जातो. नदीकडच्या वस्तीत भिंतींवर चिखलाची रेघ अजून आहे. मी पोलादी टेप घेऊन ती मोजतो आणि वहीत लिहितो. कुणाची भिंत, जमिनीपासून किती, तारीख. लोक आता भिंतींना रंग देऊ लागलेत, म्हणून घाई करतो. सुरुवातीला पोरं हसायची, "अंकल, नुकसानभरपाईवाले काय?" आता कुणी विचारत नाही. आतापर्यंत एकशे सहा भिंती झाल्या. आमच्या तिथल्या जुन्या घरात रेघ २१४० मिलिमीटरवर आहे. भावनाची उंची १५२० होती.

काशीताई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो. "मी तिला बोलली, बाय, पानी उंबऱ्याशी आलाय, चल माज्या माल्यावर. ती फोनवर होती. फोन ठेवला नि बोलली, काशीताय, दादा थांब बोलतो. मंग मी काय करू? मी गेली."

त्या जुन्या आगरी घरातल्या आहेत, वय झालं आहे हेही खरं. म्हणून मी त्यांच्यावर विसंबलो नाही. टेलिफोन खात्यात अर्ज करून त्या महिन्याच्या कॉलची यादी मागवली. २६ जुलै, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, औरंगाबाद, तुमचा नंबर, चार मिनिटं. झेरॉक्स सोबत आहे.

फोन आला नाही असं तुम्ही का लिहिलंत ते मी विचारत नाही. काय सांगितलंत तेवढं लिहा.

आपला,
नरेंद्र


औरंगाबाद
४ मार्च २००७

प्रिय नरेंद्रराव,
जयभीम.

उत्तराला सहा महिने लागले. कॉलेजच्या परीक्षा होत्या, हे कारण खरं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

हो, फोन आला होता. लाइनवर खरखर होती, तिचा आवाज मध्येच जात होता. काय बोलणं झालं ते मला शब्दशः आठवत नाही. आठवणीवर काही ठरवू नये, हे मी मुलांना शिकवतो. आज तुम्हाला काहीतरी लिहून दिलं तर ते तुम्ही जन्मभर खरं धरून बसाल. ते मला नको आहे.

एवढंच म्हणतो की, नदी इतकी चढेल हे त्या दुपारी कुणालाही माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात जगभरच्या शास्त्रज्ञांचा मोठा अहवाल आला, पेपरात वाचला असेल. तापमान माणसामुळे वाढतं याची शक्यता म्हणे नव्वद टक्के! मी लेखात विचारलं आहे, उरलेल्या दहा टक्क्यांचं काय? नव्वद टक्के म्हणजे खात्री नव्हे. खात्री नसताना सगळं जग थांबवायचं, कारखाने बंद करायचे, हे कुठलं शहाणपण? तुम्ही कारखान्यातले आहात, तुम्हाला हे पटेल.

मीनल तुमची आठवण काढते. भिंती मोजणं आता पुरे करा.

आपला,
धम्मदीप


पालेगाव
२२ एप्रिल २००७

आदरणीय धम्मदीपदादा यांस,
जयभीम.

तुम्ही कारखान्याचं काढलंत म्हणून सांगतो. मी बावीस वर्षं गेज इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडे खात्री हा शब्द नाही. प्रत्येक मापाला पुढे-मागे थोडी सूट धरतात, कारण मोजणाऱ्याचा हात, हवा, लोखंड, सगळ्यात फरक पडतो. पार्ट घ्यायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. गेला तर चालतो. नाही गेला तर नाही. आणि शंका आली तर तो तांबड्या ट्रेमध्ये टाकायचा. तो खराबच आहे हे सिद्ध व्हायची वाट बघायची नाही. नव्वद टक्के सोडा, दहा टक्के शंका असलेला माल मी पुढे सोडला तर त्याच दिवशी घरी बसवतील.

तुमचं उलटं आहे. तुम्हाला शंका आली की तुम्ही माल पुढे सोडता.

तुमच्या लेखांची फाईल भावनाने करून ठेवली होती. शेजारणींना दाखवायची, "माझा दादा लिहितो." चिखलातून काढून मी ती वाळवली. वरचा लेख जून २००५ चा आहे. त्यात तुम्ही लिहिलं आहे की पावसाची भीती घालणाऱ्यांना हसून सोडून द्यावं. तिने ते वाक्य पेनाने अधोरेखित केलं आहे. उंबऱ्याशी पाणी आलं तेव्हा तिने तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही थांब म्हणालात. मग ती थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दार तोडलं तेव्हाही ती तिथेच होती.

तुम्हाला आठवत नाही असं तुम्ही म्हणता. ठीक आहे. आठवेल तेव्हा लिहा.

तोपर्यंत पुण्यानुमोदनाला येऊ नका. यंदाही नको आणि पुढेही नको. तिच्या फोटोला तुम्ही फूल वाहिलेलं मला बघवत नाही.

नरेंद्र


औरंगाबाद
१८ सप्टेंबर २००९

प्रिय नरेंद्रराव,
सप्रेम जयभीम.

अडीच वर्षं मी तुमचं म्हणणं पाळलं. आलो नाही, लिहिलंही नाही. आता अडचण पडली म्हणून लिहितो. राग असेल तो बाजूला ठेवून वाचा.

मैत्रेयीला उल्हासनगरच्या एका कॉलेजात नोकरी लागली आहे. जावई ठाण्याला आहेत. तिला दिवस गेले आहेत, फेब्रुवारीत बाळंतपण. दोघांनी बदलापूरला सोनिवलीत फ्लॅट बघितला आहे. तळमजला. तिला जिने चढायला नकोत, पुढे लहान मूल, म्हणून तोच पसंत पडला. जानेवारीत ताबा मिळेल. बिल्डर धर्मेश म्हणून कुणी आहे. तो म्हणतो, सोनिवलीत २००५ ला पाणी आलंच नाही. मी गावात माणूस पाठवून चौकशी केली. ज्यांनी जमिनी विकल्या ते सगळे तेच म्हणतात. पूररेषेचा सरकारी नकाशा मागितला तर सहीसाठी अजून वर गेला आहे असं सांगतात.

मीनल म्हणाली, नरेंद्रभाऊजींच्या वहीत असेल. सोनिवलीच्या नव्या इमारतींच्या शेजारी जुनी भाताची गिरणी आहे. तिथे तुम्ही मोजलं असेल तर तो एक आकडा कळवा. पाणी आलं होतं का, आणि आलं असेल तर किती.

मैत्रेयीला यातलं काही माहीत नाही. ती विचारत असते की काका आपल्याकडे का येत नाहीत.

आपला,
धम्मदीप


पालेगाव
१० ऑक्टोबर २००९

धम्मदीपदादा यांस,
जयभीम.

पत्र मिळाल्यावर मी रविवारी सोनिवलीला जाऊन आलो. धर्मेश साइटवरच भेटला. मी गिऱ्हाईक आहे असं समजून त्याने खुर्ची मागवली, थंडा मागवला. मी पाण्याचं विचारलं.

"अंकल, उस दिन पानी कुठे नव्हतं? पटरीवर पण होतं. मग लोकांनी गाडी पकडायची सोडली काय?"

मी म्हटलं, इथे होतं का ते सांगा.

"इथे? इथे एक डाग दाखवा, अख्खी बिल्डिंग तुमच्या नावावर करतो." मग हसला. "आणि आपण प्लिंथ फूटभर वर घेतलाय. आता पानी आलं तर चप्पल बाहेर काढून येईल."

डाग दाखवता येणार नाही हे खरं आहे, कारण इमारतीचं कामच दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. भाताच्या गिरणीची भिंत त्याने रंगवून घेतली आहे आणि तिच्यावर स्वतःच्या फ्लॅटची जाहिरात काढली आहे. रेघ जाहिरातीखाली गेली.

मी ती भिंत १२ नोव्हेंबर २००६ ला मोजली होती. आकडा माझ्या वहीत आहे. दुसऱ्या कुणाकडे तो असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही लिहा, मी लिहीन. २६ जुलैला भावनाला काय सांगितलंत ते लिहा. खरं असेल तर मला कळेल. त्याच दिवशी सोनिवलीचा आकडा टपालात टाकतो. तोपर्यंत नाही.

तुम्हाला हे वाईट वाटेल. पण एका भिंतीच्या आकड्यावरून तुमच्यासारख्याने इतकं अडून बसावं, याचं मला नवल वाटतं. कुलाब्याला त्या दिवशी ७३ च पडला होता ना?

नरेंद्र


औरंगाबाद
२ डिसेंबर २००९

नरेंद्रराव,

जन्माला न आलेल्या पोरावर तुम्ही सौदा लावाल असं मला वाटलं नव्हतं. तुमचं पत्र मी मीनलला दाखवलं नाही.

दीड महिना मी ठरवून उत्तर दिलं नाही. म्हटलं, दुसरा फ्लॅट बघू. पण जावयांनी पुढचं सगळं ठरवून टाकलं आहे, आणि मैत्रेयी म्हणते, बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, पुराव्याशिवाय घाबरायचं नाही. मी तिला काय सांगू?

गेल्या आठवड्यात परदेशातल्या काही शास्त्रज्ञांची आपसातली पत्रं फुटल्याची बातमी आली. मित्रांचे फोन आले, सर, आता लिहाच. मी लिहायला बसलो. शास्त्रज्ञ चारचौघांत एक बोलतात आणि खासगीत दुसरंच, असं पहिलं वाक्य लिहिलं आणि पुढे जाता येईना. तुमचं पत्र टेबलावर होतं. लेख तसाच पडला आहे.

तर लिहितो.

मला सगळं शब्दशः आठवतं. कायम आठवत होतं.

ती म्हणाली, "दादा, पाणी उंबऱ्याला लागलंय, काय करू?" मी म्हणालो, वर जा. शेजारी कुणाचा माळा असेल तिथे जा, आत्ता जा, सामान बघू नको. नदीचं मला काहीही माहीत नव्हतं. नोंदी, सव्वाशे वर्षं, यातलं काही मनात आलं नाही. बहिणीच्या उंबऱ्याशी पाणी होतं, मी जा म्हणालो. माझ्या लेखातलं मी तिला काहीच सांगितलं नाही.

ती म्हणाली, "काशीताई बोलवतायत. पण ह्यांनी सकाळी निघताना बजावलंय, घर उघडं टाकून कुठे जायचं नाही. गेल्या वर्षी पाण्याच्या भीतीने मी त्यांच्या माळ्यावर गेले आणि इकडे टीव्ही आणि सिलिंडर चोरीला गेला. तेव्हा हे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मारलं असतं तरी चाललं असतं, दादा. ते गप्प बसणं मला परत सोसायचं नाही. तुम्ही ह्यांना विचारा, हे जा म्हणाले तर जाते."

मी म्हणालो, बरं, थांब, मी कारखान्यात फोन लावतो, मग सांगतो. काशीताईंनी जे ऐकलं ते हेच.

मी सव्वातीनपासून साडेपाचपर्यंत तुमच्या कारखान्याचा नंबर फिरवत होतो. लागला नाही. मग तिचा फिरवला. तोही लागला नाही. मी थांब म्हणालो हे खरं आहे. दोन तास मी एका माणसाची परवानगी मिळवत बसलो होतो. तिथे मी चुकलो, आणि ते मी रोज भोगतो.

चार दिवसांनी तुमच्याकडे पोचलो तेव्हा तुम्ही तिच्या साड्या धुऊन एकेक वाळत घालत होता. तेव्हाच ठरवलं की फोन आलाच नाही असं सांगायचं. तुम्ही झेरॉक्स पाठवलीत तेव्हा म्हटलं, आठवत नाही म्हणावं. तुम्ही मला दोषी धरलंत, ते मी धरू दिलं. म्हटलं, मी औरंगाबादला आहे, मला झेपेल. यांना त्या खोलीत एकटं राहायचं आहे.

तुम्ही मागितलंत म्हणून दिलं. आता आकडा पाठवा.

धम्मदीप


पालेगाव
१३ डिसेंबर २००९

धम्मदीपदादा यांस,
जयभीम.

पत्र मिळालं.

मी सकाळी निघताना तसं काही म्हणालो नाही. म्हणालो असलो तरी तेव्हा पाऊस साधा होता, आणि घर उघडं टाकू नको असं कुठलाही माणूस बोलतो. त्या बोलण्यामुळेच ती थांबली, हे कशावरून? दुसरीही कारणं असतील. तिला पाण्यात उतरायची भीती वाटत असेल. काशीताईंशी तिचं फारसं पटत नव्हतं. एका वाक्यावरून असं ठरवता येत नाही.

कॉल चार मिनिटांचा होता. लाइनवर खरखर होती आणि आवाज मध्येच जात होता, हे तुम्ही २००७ साली स्वतः लिहिलं आहे. ते पत्र माझ्याकडे आहे. आता तुम्हाला शब्दशः आठवतं. चार वर्षांनंतर माणसाने पाहिलेलं किती आणि नंतर जुळवलेलं किती, हे त्याचं त्याला कळत नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतं. शिवाय हे लिहिण्यात तुमचा फायदा आहे, तुम्हाला आकडा हवा आहे. अशी साक्ष कोणी धरत नाही.

एक दुरुस्ती. पंधरा दिवस हे चूक आहे. अकरा दिवस. १४ ऑगस्ट ते २४ ऑगस्ट, दोन्ही धरून. पंचवीसला सकाळी मी तिच्याकडे पाणी मागितलं होतं. ती ते सांगायला विसरली असेल.

सोनिवलीबद्दल. तुम्ही खरं लिहाल तर आकडा पाठवीन, असं मी कळवलं होतं. वही समोर आहे, पान उघडलेलं आहे. मैत्रेयीचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे हेही मला माहीत आहे. पण मी आकडा पाठवला तर तुम्ही लिहिलंत ते खरं आहे असं मी मान्य केल्यासारखं होईल.

मी ते मान्य करत नाही. म्हणून आकडा पाठवत नाही.

नरेंद्र